उसवलेला टी-शर्ट आणि हजार पानांचा करार

गारमेंट एक्स्पोर्टच्या डॉक्युमेंटेशनमध्ये मी बरीच वर्षं काढली, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कुठल्या देशाचा हे सांगणारा दाखला) हे सगळं रोज हाताखालून जातं, पण देशादेशांमधल्या ज्या प्रकारच्या व्यापार करारांची नावं आम्ही त्या सर्टिफिकेटवर टाकतो त्यातला एकही करार मी कधी उघडून वाचलेला नव्हता. गरजच पडली नाही. कोणता फॉर्म, कुठे सही, कोणता कॉलम, एवढं माहीत असलं की काम होतं.

मग आमच्याकडे एक नवीन मुलगी लागली. तिला काम शिकवत होते तेव्हा तिने अगदी सरळ विचारलं, "ताई, करार झाला म्हणजे ड्यूटी शून्य झाली ना, मग हे एवढे कागद कशाला?" मी म्हटलं नियम आहे म्हणून. तिने मान हलवली आणि लिहून घेतलं. पण घरी आल्यावर मला ते उत्तर टोचत राहिलं, कारण तिने विचारलेला प्रश्न खरा होता आणि मला त्याचं उत्तर येत नव्हतं. त्याच आठवड्यात ठरवलं की एक करार पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा, आणि असा वाचायचा की ज्यात एक बाजू श्रीमंत आहे आणि दुसरी अजून वर येतेय, कारण कपड्यांच्या धंद्यात बहुतेक वेळा शिवणारा देश गरीब आणि घालणारा देश श्रीमंत असतो.

मी युरोपियन युनियन आणि व्हिएतनामचा करार निवडला. ३० जून २०१९ ला हनोईत सही झाली आणि १ ऑगस्ट २०२० पासून लागू झाला. निवडायचं कारण साधं, पूर्ण मजकूर सगळ्यांसाठी खुला आहे, फार जुना नाही, आणि त्यात कपडे आणि चपला-बूट हा मोठा विषय आहे म्हणजे निदान अर्धी भाषा तरी मला कळेल असं वाटलं. १७ चॅप्टर, २ प्रोटोकॉल, आणि मागे जोडलेली अ‍ॅनेक्सेस धरून हजाराच्या वर पानं. रोज रात्री जेवणं आटपली की तासभर, असे पाच महिने लागले.

सुरुवात चुकीची केली हे आधी सांगते म्हणजे कुणी वाचायला घेतलंच तर त्याचा वेळ वाचेल. मी पहिल्या पानापासून सुरू केलं. प्रस्तावना, उद्दिष्टं, व्याख्या, संस्थात्मक रचना, तीन आठवडे गेले आणि वहीत दोन पानंसुद्धा नोंदी झाल्या नाहीत. सुरुवातीच्या चॅप्टरमधली भाषा सगळी मोठमोठी आहे, दोन्ही बाजू मान्य करतात, दोन्ही बाजू प्रयत्न करतील, सहकार्य वाढवतील, आणि ते खोटं असतं असं मी म्हणत नाही, पण कोणाचं काय बदललं हे त्यातून कळत नाही. ते कळतं मागच्या बाजूला, टॅरिफच्या म्हणजे आयात ड्यूटीच्या तक्त्यात आणि ओरिजिनच्या प्रोटोकॉलमध्ये, ज्यात माल कुठल्या देशाचा धरायचा याचे नियम असतात, तेव्हा करार मागून पुढे वाचावा असं माझं आता ठाम मत झालंय.

टॅरिफचा तक्ता म्हणजे नुसत्या ओळीच ओळी. प्रत्येक ओळीत मालाचा कोड, मालाचं वर्णन, सध्याचा दर, आणि शेवटच्या कॉलममध्ये एक अक्षर आणि आकडा. ए म्हणजे करार लागू झाल्या दिवशी शून्य. बी३, बी५, बी७ म्हणजे टप्प्याटप्प्याने शून्य. आता गंमत अशी की बी५ म्हणजे पाच टप्पे नाहीत, सहा समान टप्पे आहेत, पहिला टप्पा करार लागू होतो त्याच दिवशी धरला जातो, म्हणून बी३ चे चार आणि बी७ चे आठ. हे मला दोनदा वाचून कळलं.

युरोपात तयार कपड्यांवरची नेहमीची ड्यूटी बहुतेक ओळींना १२ टक्के आहे. मी वहीत एक १२ टक्क्यांची ओळ घेतली, बी५ ची, आणि गणित मांडलं. १२ भागिले ६ म्हणजे दरवेळी २ टक्के कमी. पहिल्या दिवशी १०, मग ८, मग ६, मग ४, मग २, मग शून्य. इथपर्यंत ठीक. पण व्हिएतनामला त्याच्या आधीपासून युरोपची एक जुनी सवलत होती, जीएसपी म्हणतात ती, म्हणजे विकसनशील देशांना युरोपने स्वतःहून दिलेली सूट, आणि कपड्यांना त्यात नेहमीच्या दरावर २० टक्के सूट मिळायची. १२ वर २० टक्के सूट म्हणजे ९.६. आता बघा, करार लागू झाला त्या दिवशी करारातला दर १० आणि जुन्या सवलतीतला दर ९.६. म्हणजे त्या ओळीतला कपडा पाठवणाऱ्याने नव्या कराराचा फॉर्म भरला असता तर ड्यूटी जास्त पडली असती! मी तीनदा आकडे तपासले, कारण माझा विश्वास बसेना. नंतर कळलं की जुनी सवलत लगेच बंद न करता २०२२ अखेरपर्यंत चालू ठेवली होती आणि निर्यातदाराने दोन्हीतलं जे परवडेल ते वापरायचं. पुढच्या टप्प्यात दर ८ वर आला आणि मग करार फायद्याचा झाला. पण बातम्यांमध्ये हेडिंग काय असतं, "ड्यूटी शून्य". शून्य खरंय, पण कुठल्या ओळीला आणि कधी हे त्या शेवटच्या कॉलममध्ये असतं.

मग साहजिकच प्रश्न पडला की आधीच सूट मिळत होती तर करार करायचाच कशाला. यावर माझे जवळजवळ दोन आठवडे गेले आणि ते वाया गेले नाहीत, कारण मला वाटतं सगळ्या विषयाची गाठ इथेच आहे.

जागतिक व्यापाराचा मूळ नियम असा की एकाला दिलेली सवलत सगळ्यांना द्यायची. त्याला दोन मोठे अपवाद. एक १९७९ चा, एनेबलिंग क्लॉज, ज्यात श्रीमंत देश विकसनशील देशांना परतफेड न मागता सवलत देऊ शकतात, जीएसपी त्यात बसते. दुसरा गॅटचं, म्हणजे जागतिक व्यापाराच्या मूळ कराराचं, कलम २४, ज्यात दोन देश आपापसात मुक्त व्यापार करार करू शकतात पण अट अशी की "जवळजवळ सगळा व्यापार" त्यात आला पाहिजे, आणि तोही साधारण १० वर्षांच्या आत, अपवाद सोडून. यात मेख अशी की एनेबलिंग क्लॉजमधली सवलत ही देणाऱ्याच्या मर्जीवर असते. उद्या काढून घेतली तर घेणाऱ्याला कुठे दाद मागायची सोय फारशी नाही. कंबोडियाचं उदाहरण ताजं आहे, त्यांना सगळ्यात गरीब देशांसाठीची संपूर्ण माफी होती, शस्त्रं सोडून सगळ्या मालावर, आणि ऑगस्ट २०२० मध्ये युरोपने मानवी हक्कांच्या कारणावरून त्यातला काही भाग काढून घेतला, त्यात कपडे आणि बूटही आले. कारण योग्य होतं की नाही तो वेगळा विषय, आणि त्यात मी कंबोडियाच्या सरकारची बाजू घेत नाही, पण शिलाई मशीनवर बसलेल्या बाईच्या हातात त्यातलं काहीच नव्हतं. बघा, त्याच महिन्यात, ऑगस्ट २०२० मध्ये, शेजारच्या व्हिएतनामचा करार लागू होत होता. एकाकडे दिलेलं काढून घेता येतं आणि दुसऱ्याकडे कागदावर बांधलेलं आहे. म्हणून गरीब देश करार करतात. दर कमी होतो हे कारण आहेच, पण दर उद्याही तोच राहील ही खात्री हे त्याहून मोठं कारण आहे, ऑर्डर घेणाऱ्याला आणि कारखाना टाकणाऱ्याला तीच हवी असते.

पण कलम २४ मध्ये शिरलं की फुकट काही नाही. आपणही "जवळजवळ सगळं" उघडायचं. युरोपने जास्तीत जास्त ७ वर्षांत ड्यूटी काढायची, व्हिएतनामने १० वर्षांत, म्हणजे व्हिएतनामला वेळ जास्त दिलाय, आणि हे वाचून पहिल्यांदा मला वाटलं चांगलं आहे की. मग व्हिएतनामचा तक्ता उघडला. गाड्यांवरची ड्यूटी ७८ टक्क्यांपर्यंत होती ती ९-१० वर्षांत शून्य. मशिनरीवर ३५ टक्क्यांपर्यंत होती ती बहुतेक लगेच शून्य. मशिनरीचं मला पटतं, स्वस्त मशिन आलं तर कारखान्यालाच फायदा. पण एका बाजूला १२ चं शून्य आणि दुसऱ्या बाजूला ७८ चं शून्य, तक्त्यात दोन्ही शून्य सारखीच दिसतात, आणि ज्या देशाच्या भिंती उंच होत्या त्यालाच जास्त पाडाव्या लागल्या. विकसनशील देशाच्या भिंती बहुतेक उंचच असतात, कारण त्यामागे त्याचे नवे कारखाने उभे असतात आणि सरकारच्या तिजोरीतला बराच पैसाही तिथूनच येतो. वेळ जास्त मिळाला म्हणजे ओझं कमी झालं असं होत नाही.

आता टी-शर्टवर येते. ओरिजिनचा प्रोटोकॉल मी तीनदा वाचला आणि तरी डोक्यात चित्र तयार होईना. वाक्य समोर दिसतं, "निटिंग आणि मेकिंग-अप, कटिंगसह", म्हणजे कापड विणणं आणि ते कापून शिवणं, पण म्हणजे नक्की काय. शेवटी एक दिवस सॅम्पलमधला एक टी-शर्ट घेतला आणि आमच्या कटिंग मास्टरांकडे गेले. म्हटलं हा मला पूर्ण उसवून हवाय, एकही टाका न ठेवता. ते म्हणाले, "ताई, नवाकोरा शर्ट आहे, कशाला उसवताय?" मी कारण सांगितलं तर त्यांनी स्वतःच कात्री घेतली. पंधरा मिनिटांत टेबलावर सगळे तुकडे वेगळे झाले. पुढचा भाग, मागचा भाग, दोन बाह्या, गळ्याची रिब, खांद्याच्या आत लावलेली टेप, लेबल, आणि शिलाईच्या दोऱ्याचा एक छोटा गुंता. कापड कॉटनचं, त्यात ५ टक्के इलॅस्टेन, म्हणजे ताणलं की परत जागेवर येणारं. मास्टरांनी पुढच्या भागाची कडा नखाने ओढली, एक धागा मोकळा केला आणि माझ्या हातात दिला, म्हणाले हे सूत, आणि याच्या आत बघा, पांढरा केसासारखा दिसतोय ना, ते इलॅस्टेन. खिडकीच्या उजेडात धरला तेव्हा दिसला. एवढी वर्षं इन्व्हॉइसवर ९५:५ लिहिलं पण तो ५ टक्के कधी बोटात धरून बघितला नव्हता.

मग मी एकेका कराराखाली तोच शर्ट तपासला. समजा कापड तिसऱ्याच देशातून आणलं आणि आपण फक्त कापून शिवलं.

सगळ्यात गरीब देशांना युरोपची जी संपूर्ण माफी आहे तिच्यात २०११ पासून हे चालतं. कापड कुठूनही आणा, कापून शिवलं की शर्ट तुमचा. एकच टप्पा. याआधी त्या देशांनाही दोन टप्पे लागायचे, कापड विणणं आणि शिवणं, आणि नुसत्या एका नियमाच्या बदलामुळे केवढ्या शिलाई कारखान्यांना दार उघडलं असेल याचा विचार करा, दर तेव्हाही शून्य होता आणि नंतरही शून्यच होता.

युरोप-व्हिएतनाम करारात हा शर्ट नापास. तिथे निटिंगही आतच व्हायला हवं, म्हणजे कापडही व्हिएतनाम किंवा युरोपात विणलेलं हवं. सूत कुठूनही चालेल, इलॅस्टेनही. व्हिएतनामच्या कारखान्यांमध्ये कापड मोठ्या प्रमाणावर चीनमधून येतं, त्या कापडाचा शर्ट नापास. पण एक खिडकी ठेवलीय, दक्षिण कोरियाचं कापड चालतं, कारण कोरियाचाही युरोपशी करार आहे. हे वाचल्यावर मला कळलं की हा नियम नुसता फसवाफसवी थांबवायला नाही. तिसऱ्या देशाचा माल लेबल बदलून आत घुसू नये हे कारण आहेच आणि ते योग्यही आहे, नाहीतर कराराला अर्थ राहणार नाही. पण त्यासाठी किती टप्पे मागायचे हे कुणीतरी बसून ठरवतं, आणि ते ठरवताना आपलं कापड, आपल्या मित्राचं कापड, याचा हिशेब असतोच.

आणि मग अमेरिकेचा मध्य अमेरिकेतल्या देशांशी आणि डॉमिनिकन रिपब्लिकशी झालेला करार. त्याचा कपड्यांचा भाग मी मुद्दाम शोधून वाचला. त्यात सुतापासून मोजतात, यार्न फॉरवर्ड. सूत काढण्यापासून पुढचं सगळं करार झालेल्या देशांमध्येच व्हायला हवं. वजनाने १० टक्क्यांपर्यंत बाहेरचा धागा चालतो अशी सूट आहे, म्हणून मला वाटलं आपलं ५ टक्के इलॅस्टेन वाचलं. नाही वाचलं. इलॅस्टेनसाठी वेगळी ओळ आहे, मुख्य कापडात इलॅस्टेन असेल तर तो धागा आतलाच हवा, टक्केवारी कितीही असो. आणि शिलाईच्या दोऱ्यासाठीही वेगळी अट. तो टेबलावरचा गुंता, जो मी कचऱ्यात टाकणार होते, त्याचंही मूळ विचारतात! आता या भागात सूत आणि इलॅस्टेन बनवणारे मोठे कारखाने कुणाकडे आहेत? अमेरिकेकडे. म्हणजे होंडुरास किंवा एल साल्वाडोरमधला कारखाना जेव्हा शून्य ड्यूटीने शर्ट पाठवतो तेव्हा त्यात अमेरिकन सुताचा धंदा आधीच झालेला असतो. याने तिथल्या सूतगिरण्यांनाही काही काम मिळतं हे मी मान्य करते, काही लोक याच कारणासाठी या नियमाची बाजू घेतात की त्यामुळे पुरवठा जवळचा राहतो आणि सूत काढणंही त्या भागात उभं राहतं. पण लहान कारखान्याला स्वस्त सूत जिथे मिळेल तिथून घेता येत नाही, आणि महाग सूत घेऊन वाचवलेली ड्यूटी कधीकधी त्यातच जाते. मग तो सरळ पूर्ण ड्यूटी भरतो आणि कराराचा फॉर्मच भरत नाही. असे फॉर्म न भरलेले शर्ट करार कसा यशस्वी झाला हे सांगताना कुणी मोजत नाही.

तुकडे मी पाकिटात घातले, प्रत्येकावर चिठ्ठी लावून.

औषधांचा भाग माझ्या एकटीच्या आवाक्यातला नव्हता म्हणून एका मैत्रिणीला बसवलं, ती औषध कंपनीत रेग्युलेटरीचं काम करते. बौद्धिक संपदेचा चॅप्टर आम्ही दोघींनी दोन रविवार वाचला. तिने एका कलमावर बोट ठेवलं, डेटा प्रोटेक्शन, किमान ५ वर्षं. मी म्हटलं यात काय एवढं, पेटंट २० वर्षांचं असतंच की. ती म्हणाली, "अगं, पेटंट वेगळं आणि हे वेगळं. जेनेरिक बनवणारा मान्यता मागताना मूळ कंपनीच्या चाचण्यांवर भिस्त ठेवतो, औषध तेच आहे एवढं सिद्ध करतो. ही ५ वर्षं तो तसं करू शकत नाही. पेटंट नसलं तरी नाही. मग त्याने पुन्हा माणसांवर चाचण्या करायच्या का, त्या कोण करेल?" जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारात या डेटाचा अनुचित व्यापारी वापर रोखा एवढंच म्हटलंय, वर्षांचा आकडा नाही. आकडा येतो तो अशा दोघांमधल्या करारांतून. पॅसिफिक महासागराच्या काठच्या देशांमधल्या ट्रान्स-पॅसिफिक करारात तर बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेल्या, औषधांसाठी ८ वर्षांची तरतूद होती, अमेरिका २०१७ च्या जानेवारीत बाहेर पडली आणि उरलेल्या ११ देशांनी ज्या २२ तरतुदी बाजूला ठेवल्या त्यात ही पण होती. म्हणजे मागणारा उठून गेला आणि बाकीच्यांनी ती लगेच गोठवली, यावरून ती कुणाला हवी होती हे कळतं. मैत्रिणीचं म्हणणं मला पटलं की टॅरिफ दहा वर्षांनी शून्य होऊन विषय संपतो, पण असं कलम देशाच्या कायद्यात एकदा गेलं की ते सगळ्यांनाच लागू, त्या करारातल्या मालापुरतं राहत नाही.

त्याच चॅप्टरला जोडून भौगोलिक नावांच्या दोन याद्या आहेत, म्हणजे जी नावं फक्त त्या-त्या ठिकाणच्या मालालाच लावता येतात. युरोपची १६९ नावं, शॅम्पेन, फेटा वगैरे, आणि व्हिएतनामची ३९, त्यात फू क्वोकचा माशाचा सॉस, मोक चाऊचा चहा. व्हिएतनामची यादी मी मुद्दाम पूर्ण वाचली. तिथल्या कुठल्या तरी गावाचं नाव त्या कायदेशीर कागदात युरोपने संरक्षण द्यायचं म्हणून लिहिलंय हे बघून बरं वाटलं, खरंच वाटलं.

आणि बरं वाटण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे कामगारांचा भाग. करारात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मूलभूत ठरावांना मान्यता देण्याच्या दिशेने प्रयत्न करायचं वचन आहे. भाषा तशी मवाळ, पण करार होता होता व्हिएतनामने २०१९ मध्ये ९८ क्रमांकाचा ठराव स्वीकारला, सामूहिक वाटाघाटीचा, आणि २०२० मध्ये १०५ क्रमांकाचा, वेठबिगारी बंद करण्याचा. कामगार कायदाही २०१९ मध्ये बदलला. संघटना काढण्याच्या स्वातंत्र्याचा ८७ क्रमांकाचा ठराव मात्र मागे राहिला, आणि कारखान्यात काम करणाऱ्यांना खरा फरक त्याने पडला असता. श्रीमंत देश कामगारांची काळजी दाखवून आपला बाजार वाचवतात असं म्हणणारे भेटतात, मी तसं सरसकट म्हणणार नाही. शिलाईच्या हॉलमध्ये उन्हाळ्यात उभं राहून बघितलं असेल तर ज्या कुणाच्या दबावाने कायदा सुधारला तो दबाव वाईट होता असं तोंडातून निघत नाही.

शेवटचा महिना मी करारात काय नाही ते शोधण्यात घालवला. हे आधी सुचलं नव्हतं, शेतीचा भाग वाचताना सुचलं. टॅरिफ आहे, कोटा आहे, कीटकनाशकांचे अंश तपासण्याचे नियम आहेत, पण श्रीमंत देश आपल्या शेतकऱ्यांना जी मोठी मदत देतात ती कमी करायचं कलम सापडेना. ते नसतंच जवळजवळ कुठल्या अशा करारात, कारण एका देशासाठी म्हणून सबसिडी कमी करता येत नाही, ती कमी केली की सगळ्या जगासाठी होते, म्हणून तो विषय जागतिक व्यापार संघटनेत ढकलला जातो आणि तिथे तो वर्षानुवर्षं अडकलेला आहे. याचा परिणाम काय होतो ते नाफ्टात, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोच्या करारात, दिसलं. १ जानेवारी १९९४ ला लागू झाला, मेक्सिकोला मक्यासाठी २००८ पर्यंत, म्हणजे १४-१५ वर्षांचं संरक्षण मिळालं होतं, कोट्याच्या वर आलेल्या मक्यावर जबर ड्यूटी लावता येत होती. पण मेक्सिकोच्याच सरकारने बऱ्याच वर्षी कोट्यावरचा मका ती ड्यूटी न लावता आत घेतला. समोरच्या मक्यामागे सरकारी मदत होती, याच्या मक्यामागे तेवढी मदत नव्हती, आणि जी ढाल करारात मागून घेतली होती ती वापरलीच नाही. यात दोष फक्त श्रीमंत बाजूचा नाही हे मला लिहायलाच हवं. वाटाघाटीत मिळवलेला वेळ घरी कशासाठी वापरला हे कराराच्या कुठल्याच पानावर नसतं.

गुंतवणुकीचा भाग व्हिएतनामच्या बाबतीत वेगळ्या करारात आहे, त्याच दिवशी सही झालेला, आणि त्याला युरोपातल्या प्रत्येक सदस्य देशाची मंजुरी लागते म्हणून तो मागे राहिला. तो वाचताना मेटॅलक्लॅड या अमेरिकन कंपनीचं जुनं प्रकरण वाचलं. मेक्सिकोतल्या एका छोट्या नगरपालिकेने घातक कचऱ्याच्या प्रकल्पाला बांधकाम परवानगी नाकारली, कंपनी नाफ्टाखाली लवादात गेली आणि २००० साली लवादाने मेक्सिकोला १.६ कोटी डॉलरपेक्षा जास्त भरपाई द्यायला लावली. नगरपालिका त्या लवादात पक्षकार नव्हती. एवढंच वाचून मी त्या रात्री वही मिटली.

पाच महिन्यांनी मी ते पाकीट ऑफिसला नेलं. त्या मुलीला समोर बसवलं, तुकडे टेबलावर मांडले आणि म्हटलं, आता प्रत्येकासमोर लिही हे कुठून आलं. कापडाचं तिने पटकन लिहिलं, पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर होती. गळ्याच्या रिबचं लिहिलं. लेबल, टेप, लिहिलं. सुताशी आली आणि थांबली, म्हणाली, "ताई, कापडवाल्याने सूत कुठून घेतलं हे आपल्याला कसं कळणार?" मी म्हटलं त्याला विचारायचं, लेखी, आणि त्याने त्याच्या सूतगिरणीला विचारायचं, आणि इलॅस्टेनचं वेगळं, आणि हे सगळे कागद जपून ठेवायचे, कारण माल विकून कुणी घालून फाडला तरी मागाहून समोरच्या देशाचं कस्टम्स पडताळणी मागू शकतं, आणि तेव्हा कागद दाखवता आला नाही तर दिलेली सूट परत वसूल होते. ती म्हणाली, म्हणजे हे कागद शून्यासाठीच आहेत. हो म्हटलं.

तिने त्याच दुपारी कापडवाल्याला मेल टाकला, मला कॉपीत ठेवून. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, की सूत आम्ही तीन ठिकाणांहून घेतो, लॉटप्रमाणे वेगळं ठेवत नाही. इलॅस्टेनबद्दल त्याने पुढे विचारलंय. ते उत्तर अजून यायचंय.